डाव्या गालाचा हक्क

देयानिराच्या डाव्या गालाने संप पुकारला, पण उजव्या गालाने त्याला साथ दिली नाही, आणि सगळा घोटाळा तिथेच झाला. दोन्ही गाल एकदम बसले असते तर लोक म्हणाले असते, बाईचं वय झालं, गंभीर झाली. पण उजवा गाल पूर्वीसारखाच हसायचा आणि डावा मख्ख लोंबत राहायचा. त्यामुळे समोरच्याला वाटायचं, ही बया आपल्याला वेडावते आहे.

झालं होतं ते साधंच. कानाखाली गाठ आली, काली शहरातल्या सरकारी इस्पितळात ती काढली, आणि गाठीबरोबर चेहरा हलवणारी नसही गेली. जीव वाचला, देवाचे आभार मान, असं सगळ्यांनी सांगितलं. तिने मानले. आभार मानतानाही तोंड अर्धंच हललं, त्याला देवाचाही इलाज नव्हता.

ओब्रेरो वस्तीत तिचं पार्लर होतं. आता पार्लरात खुर्चीवर बसलेली बाई आरशात स्वतःकडे बघते असं ज्याला वाटतं तो कधी पार्लरात गेलेला नाही. ती बघते केस कापणारीच्या तोंडाकडे. कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्या बाईने असंच एकदा बघितलं आणि ताडकन उठली.

"नाही ना आवडला कट?"

"अगं, झकास झालाय!"

"मग तोंड कशाला वाकडं करतेस?"

वस्तीतले तुलिओ आजोबा वारले तेव्हा तर कहर झाला. देयानिरा मनापासून रडत होती. म्हातारा तिला लहानपणापासून उसाचे करवे द्यायचा. पण डोळे पुसताना उजवा गाल वर चढला, डावा तसाच राहिला, आणि तुलिओच्या बायकोला वाटलं की ही कुत्सित हसते आहे. सगळ्यांना कॉफी आली, हिला आली नाही.

हेही तिने सोसलं असतं. लागलं ते दुसरंच. नवरा एलिएसेर टॅक्सी चालवायचा. गिऱ्हाइकांकडून ऐकलेले विनोद तो रोज घरी आणायचा, आणि त्यातले बहुतेक फालतू असायचे. पण देयानिरा असली खदखदून हसायची की शेजारचे लोक भिंत ठोकायचे. ऑपरेशननंतर हसू आलं की ती तोंडापुढे कंगवा धरायला लागली. एलिएसेरने काही दिवस बघितलं आणि मग विनोद आणणं बंद केलं. जेवताना म्हणायचा, "आज रस्ता मोकळा होता," आणि गप्प. तिच्या काळजाला घरं पडली ती या मोकळ्या रस्त्याने.

म्हणून ती पुन्हा इस्पितळात गेली. तिथले डॉक्टर कुकालोन प्लास्टिक सर्जरी करायचे. उंच, वाकलेला आणि हळू बोलणारा माणूस. त्यांनी सांगितलं, मांडीतली स्नायूची एक पट्टी काढून गालात बसवता येते. गाल पुन्हा उचलला जाईल. चिठ्ठीही लिहून दिली. ती घेऊन देयानिरा विमा कंपनीच्या ऑफिसात गेली. खिडकीत युर्लेनी नावाची मुलगी होती. नखं अशी की त्यांवर आख्खा बगीचा काढलेला.

"माझ्या राणी," युर्लेनी म्हणाली, "हे नाही गं बसत योजनेत. हे सौंदर्यासाठीचं आहे."

"कुठलं सौंदर्य? माझं अर्धं तोंड मेलंय!"

"कळतंय मला, सोन्या. पण चेहरा म्हणजे सौंदर्य. गुडघा असता तर बघितलं असतं."

आमच्या कालीत कुणी नाही म्हणायचं झालं की आधी राणी, सोन्या, काळजाचा तुकडा असं सगळं म्हणून घेतं. ऐकणारा घरी पोचेपर्यंत त्याला कळतही नाही की आपल्याला हाकलून दिलंय. आणि हे कुठे, तर ज्या शहरात गल्लोगल्ली नाक, पोट आणि मागची बाजू दुरुस्त करून मिळते तिथे! बायका बाहेरदेशांतून विमानाने येतात आणि नवीन बूड घेऊन परत जातात. त्या शहरात मला नुसतं हसता यावं म्हणणारी देयानिरा नटवी ठरली. मला तर अजून संताप येतो.

तुतेला करायची, हे शेजारच्या उबाल्दिनाने ठरवलं. तुतेला ही आमच्या देशातली एक फार कामाची चीज आहे. तुमचा मूलभूत हक्क कुणी तुडवला तर साध्या कागदावर लिहायचं आणि कोर्टात नेऊन द्यायचं. वकील लागत नाही, फी लागत नाही, आणि न्यायाधीशाला दहा दिवसांत निकाल द्यावाच लागतो. उबाल्दिना शाळेतून निवृत्त झाल्यापासून तिला दुसरा उद्योगच नव्हता. आईच्या खुब्यासाठी तुतेला, स्वतःच्या चष्म्यासाठी तुतेला, समोरच्या जिमच्या गाण्यांविरुद्ध तुतेला. जिमवाला तिला बघितल्यावर रस्ता बदलायचा.

तिने टेबलावर कागद पसरला. "माणसासारखं जगण्याचा हक्क, घातला. आरोग्याचा हक्क, घातला. काम करण्याचा हक्क, घातला. लहान मुलांचे हक्क..."

"लहान मुलं कुठून आली? मी आता आजी होईन!"

"असू दे गं. वजन पडतं."

न्यायाधीश सांक्लेमेंते यांनी नुसता कागद वाचून निकाल दिला असता तरी चाललं असतं. पण त्यांनी बाईला समोर बोलावलं. उबाल्दिनाने बजावून सांगितलं, "जशी झोपेतून उठशील तशी ये. तोंडाला पाणीसुद्धा लावू नकोस."

"न्यायाधीशासमोर? न रंगवता?" देयानिराचे डोळे फिरले. "मेले का मी? मेलेल्यांनासुद्धा आम्ही रंगवून पाठवतो!"

आणि इथेच तिने माती खाल्ली. पण तिला तरी काय बोलायचं? आमच्याकडची बाई कचरा टाकायला कोपऱ्यापर्यंत जायचं तरी ओठ रंगवून जाते. कोर्टात जायचं म्हटल्यावर देयानिरा पहाटेच आरशापुढे बसली. लोंबणाऱ्या गालाला पारदर्शक चिकटपट्टी लावली, ती ओढून कानामागे डकवली, वर केस फुगवून सोडले. मोठाली कर्णफुलं घातली. डाव्या भुवईला पेन्सिलीने उचललं, ओठांची डावी बाजू जराशी वर रंगवली. सगळी कला पणाला लावली. एलिएसेर टॅक्सीचं दार उघडून उभा होता, तो बघतच राहिला.

"काय दिसतेयस, देया!"

"ओठ हलवायला लावू नकोस," ती बाहुलीसारखी पुटपुटली. "पट्टी सुटेल."

कोर्टाची खोली कपाटाएवढी. न्यायाधीश सांक्लेमेंते जाडजूड आणि घामेजलेले होते, पण वागणं जुन्या वळणाचं. बाई आत आली तसे उठून उभे राहिले. कंपनीतर्फे ओतोया नावाचा तरुण वकील आला होता. त्याचे दात इतके पांढरे की खोलीत दिवा लावायची गरज नव्हती. डॉक्टर कुकालोन एका स्टुलावर बसले होते. उबाल्दिना दारात होती, कारण आत जागा नव्हती आणि बाहेर थांबायची तिची तयारी नव्हती.

देयानिराला बघितल्यावर उबाल्दिनाने कपाळाला हात लावला.

न्यायाधीशांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. "देयानिराबाई, गैरसमज नको, पण... कुठली बाजू?"

"मलाही तोच प्रश्न पडलाय," वकील ओतोया लाघवी हसला. "बाईसाहेब तर माझ्या बायकोपेक्षा टवटवीत दिसतात. बायकोला सांगू नका."

"डॉक्टर, तुम्ही सांगा," न्यायाधीश म्हणाले.

कुकालोन पुढे वाकले, डोळे बारीक केले. "डावी. अगदी डावी," ते म्हणाले. पण त्याआधी त्यांचं बोट उजवीकडे गेलं होतं, ते सगळ्यांनी बघितलं.

आता खरं सांगायचं तर देयानिराला आतून गुदगुल्या होत होत्या. गाठ निघाल्यापासून एवढ्या माणसांनी मिळून तिला सुंदर म्हटलं नव्हतं. "आभारी आहे, साहेब," तिने ओठ न हलवता म्हटलं. त्याबरोबर दारातून उबाल्दिनाचा आवाज आला, "आभार कसले मानतेस, गाढवे! केस हरतेयस!"

न्यायाधीशांनी सुस्कारा सोडला. "मला जे दिसत नाही, त्याच्यावर मी हुकूम कसा देऊ? कंपनी म्हणते सौंदर्य. समोर तर सौंदर्यच बसलंय." आणि त्यांनी पेन उचललं.

त्या पेनाकडे बघताना देयानिराच्या डोळ्यांपुढे जेवणाचं टेबल आलं. आज रस्ता मोकळा होता. उद्याही मोकळा असणार, परवाही, आणि मरेपर्यंत आपण तोंडापुढे कंगवा धरून बसणार. तिने पर्समधून कापूस काढला, क्रीमची डबी काढली.

"सगळ्यांनी भिंतीकडे तोंड करा," ती म्हणाली.

"मीसुद्धा?" न्यायाधीशांनी विचारलं.

"तुम्ही आधी, साहेब."

त्यांनी खुर्ची फिरवली. वकील भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभा राहिला. कुकालोन, कारकून, उबाल्दिना, सगळे वळले. बाहेरच्या बाकावर दुसऱ्या खटल्यांसाठी बसलेले दोघंतिघं डोकावत होते, तेही मुकाट पाठमोरे झाले. आख्खं कोर्ट भिंतीकडे तोंड करून उभं, आणि मध्ये एक बाई आपला चेहरा पुसते आहे. तिने आधी कर्णफुलं काढली. मग ओठ, मग भुवई. सगळ्यात शेवटी पट्टी, आणि पट्टी सुटली तसा गाल खाली आला. तिला लाज वाटली, चारचौघांत कपडे उतरवल्यासारखी. नवऱ्यासमोरसुद्धा ती दिवा घालवूनच तोंड धुवायची.

"वळा आता."

सगळे वळले. डावा डोळा पुरता मिटत नव्हता, त्यातून पाणी गळत होतं. ओठाचा कोपरा हनुवटीकडे ओघळला होता. न्यायाधीशांच्या हातातलं पेन तसंच राहिलं. त्यांनी अगदी हळू विचारलं, "जरा... हसून दाखवता का?"

"हसतेच आहे, साहेब. तुम्ही वळलात तेव्हापासून हसतेय."

शेवटी वकील ओतोयाने घसा साफ केला. पगार खातो बिचारा, बोलावंच लागणार. "साहेब, वाईट मलाही वाटतं. पण बघणं हे शरीराचं काम आहे, चावणं, चालणं हे शरीराचं काम आहे. हसणं हे काम नव्हे. ती सजावट झाली." आणि सवयीने त्याने वाक्याच्या शेवटी एक हसू जोडलं.

न्यायाधीश त्याच्याकडे बघत राहिले. "वकीलसाहेब, आल्यापासून तुम्ही माझ्याकडे बघून हसताय. ते काय, माझी खोली सजवायला?"

ओतोयाचं हसू जागच्या जागी अडकलं. ते आत घ्यावं की बाहेर ठेवावं हे त्याला कळेना.

"मी सांगतो ते लिही," न्यायाधीश कारकुनाला म्हणाले. "ज्या बाईला आपला हक्क मागायला यायचं तरी चेहरा लपवून यावं लागतं, ती माणसासारखी जगते आहे असं हे कोर्ट मानत नाही. कंपनीने ऑपरेशन करून द्यावं."

"आणि लहान मुलांचे हक्क?" उबाल्दिनाने दारातून विचारलं.

"बाई, घरी जा," न्यायाधीश म्हणाले.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी कुकालोन तिच्या खाटेवर येऊन बसले. त्यांनी समजावून सांगितलं की हसण्याची नस गेली ती गेलीच. मांडीची पट्टी ते चावण्याच्या नसेला जोडणार. "म्हणजे हसायचं असेल तेव्हा दात आवळायचे."

"हसायला दात आवळायचे?"

"सुरुवातीला. पुढे सवयीने आपोआप जमतं. पण नस रुजायला महिने लागतात. धीर धरायचा."

ऑपरेशन पार पडलं. वस्तीला मात्र ऊत आला. उबाल्दिनाने तर भेटायला येतानाच फाटकातून ओरडून सांगितलं, "एलिएसेर, आता बायकोच्या गालाची पापी घेशील तेव्हा भान ठेव, तू मांडीची घेतोयस!" देयानिराच्या उजव्या गालाला हसू फुटलं. डावा सुजून बसला होता, जावई सासुरवाडीला येऊन बसतो तसा.

सूज उतरली तरी तो हलेना. देयानिरा आरशापुढे बसून दात आवळायची. मग जबडा दुखायचा, डोकं ठणकायचं, पण गाल ढिम्म. कुणी म्हणालं ऊस चाव, तिने ऊस चावला. कुणी म्हणालं तळलेली डुकराची चामडी चाव, तीही चावली. त्याने वजन तेवढं वाढलं. येणारी जाणारी प्रत्येक बाई खुर्चीत बसण्याआधी तिच्या गालाकडे टक लावून बघायची आणि "येईल गं, येईल," म्हणायची. शेवटी देयानिरा एका दुपारी पार्लर बंद करून आतल्या खोलीत बसली. "न्यायाधीशाने कंपनीला हुकूम दिला," ती एलिएसेरला म्हणाली, "पण या मेल्या गालाला हुकूम कोण देणार?"

त्याने तिच्यासाठी बर्फ घातलेला फळांचा ग्लास आणला होता, तो तिच्यापुढे सरकवला.

कुकालोननी तपासून सांगितलं की नस रुजली आहे, पण गालाला शिकवावं लागेल. चेहऱ्याचे व्यायाम करून घेणारी माणसं इस्पितळात आहेत, कंपनीची परवानगी तेवढी आणा. म्हणून नवराबायको पुन्हा ऑफिसात गेले. भली मोठी रांग होती. एक म्हातारा काठी टेकून, एक बाई कडेवर पोर घेऊन, आणि सगळ्यांचे चेहरे दहाव्याला आल्यासारखे. खिडकीत तीच युर्लेनी. नखांवर या वेळी फुलपाखरं होती.

तिने चिठ्ठी वाचली, संगणकात बघितलं, आणि देयानिराचा हात प्रेमाने थोपटला. "माझ्या राणी, नाही गं बसत."

"का नाही बसत? कोर्टाचा हुकूम आहे!"

"आहे ना, सोन्या. पण हुकमात ऑपरेशन लिहिलंय. व्यायाम कुठे लिहिलाय? ऑपरेशनने तुमचा गाल बसवून दिला. आता तो हलायला हवा, हे झालं सौंदर्य."

देयानिराच्या डोक्यात सणक गेली. सगळं एकदम वर आलं: न आलेली कॉफी, कोर्टातला कापूस, जबड्याचं दुखणं, आणि आता ही फुलपाखरं. तिने दोन्ही हातांनी खिडकीची कड धरली आणि दातांवर दात असे रोवले की करकर वाजले.

युर्लेनीचा चेहरा उजळला. "हे बघा! असं पाहिजे माणसाने! बाकीचे लोक किती अंगावर येतात माझ्या, आणि तुम्ही मात्र हसून घेता."

"मी हसत नाहीये!" देयानिरा आवळलेल्या दातांतून गुरगुरली. "मी चिडलेय!"

"किती गोड हसता पण!"

एलिएसेरच्या हातातून टॅक्सीच्या किल्ल्या खाली पडल्या. तो बायकोच्या डाव्या बाजूला उभा होता. ज्या बाजूला उभं राहायचं तो इतके दिवस टाळत होता, त्याच बाजूला. "देया," तो म्हणाला आणि त्याचा आवाज फाटला. "देया, हलतोय."

तिने खिडकीच्या काचेत बघितलं. काचेत एक भयंकर संतापलेली बाई तोंडभरून हसत होती. दोन्ही बाजूंनी. ओठांचा डावा कोपरा थरथरत होता, पण वर होता. तिचं तोंड आश्चर्याने उघडलं, दात सुटले आणि गाल धपकन खाली आला.

"गेलं!" ती किंचाळली. "एलिएसेर, गेलं! चिडव मला! लवकर!"

आता हा माणूस लग्न झाल्यापासून या बाईला न चिडवण्याचं शास्त्र शिकत आला होता. तो घाबरून इकडेतिकडे बघायला लागला. रांग त्याच्याकडे बघत होती.

"बोल ना, ठोंब्या!"

"तुझ्या आईचं सूप," एलिएसेरने डोळे मिटून घेतले, "खारट असायचं. दर रविवारी."

देयानिराने दात आवळले. गाल वर चढला.

"आईच्या सूपाला नाव ठेवतोस?"

"आणि तुझा भाऊ," आता त्याला स्फुरण चढलं, "साल्सा नाचतो तेव्हा कपाट सरकवल्यासारखं वाटतं!"

साल्सा नाच म्हणजे कालीच्या माणसाचा प्राण, त्याला याहून मोठी शिवी नाही. रांगेतल्या लोकांनी श्वास रोखले. कडेवरच्या पोराची आई "अरे देवा" म्हणाली. देयानिराचा गाल मात्र आणखी वर सरकला, डोळ्याला भिडला.

युर्लेनी खिडकीत उभी राहिली होती. काय चाललंय ते तिला उमगत नव्हतं, पण तिच्या डोळ्यांतलं काजळ गालांवर ओघळलं होतं. काठीवाला म्हातारा एलिएसेरच्या खांद्याला काठी टोचत म्हणाला, "थांबू नका, साहेब! तिचा स्वयंपाक राहिला! पार्लर राहिलं!"

"बोलू?" एलिएसेरने बायकोला विचारलं. तो रडत होता.

देयानिराने पर्समधला कंगवा काढला नाही, हात वर केला नाही. सगळ्यांसमोर, दोन्ही गालांनी हसत, ती दात आवळून म्हणाली, "बोल. रात्रभर बोल."